उजवीकडचा माणूस

बारा हंगाम तू माझ्या उजव्या काखेखाली होतास, अनझोर.
माझ्या घामाचा वास बायकोपेक्षा तुला जास्त ठाऊक.
आणि मला तुझा श्वास:
पहिल्या अर्ध्यात लसूण,
दुसऱ्या अर्ध्यात लोखंड.

आलास तेव्हा तुला तीनच फ्रेंच शब्द येत होते,
तेही पंचाचे:
वाका. धरा. भिडा.
तेवढ्या भांडवलावर तू घर घेतलंस,
कर्जाच्या कागदांवर सह्या केल्यास,
मुलीला पियानोच्या शिकवणीला घातलंस.

लोकांना वाटतं, पुढची फळी म्हणजे नुसता जोर.
खाली काय असतं ते त्यांनी कुठे पाहिलंय.
चार बोटं गवत.
आपल्याच नाकातून पडलेला एक थेंब.
समोरच्याचा मोडका कान तुझ्या मोडक्या कानावर घासतोय
आणि मागच्या पाच जणांचं साडेपाचशे किलो
तुझ्या कण्यातून वाट काढतंय.
मी मधे, तुझ्या आणि फिनाउच्या खांद्यांवर टांगलेला,
दोरीवरच्या ओल्या सदऱ्यासारखा.
चेंडू ओढायला माझा एक पाय मोकळा असायचा,
कारण तू हलायचा नाहीस.
वर्तमानपत्रात यायचं: पेयोचं पाय चालवण्याचं कसब.

दोनशे बारा सामने. ट्राय एक.
तोही ढिगाऱ्याखाली, चिखलात, रेषेवर.
शिट्टी वाजेपर्यंत तू समजत होतास
की पोटाखाली कुणाचातरी गुडघा आहे.

अदूर म्हणतात आमच्या नदीला.
तुझं गाव मात्र चार हजार किलोमीटरवर.
एकदा हरून परतताना, बसमध्ये, रात्री दीडला,
तू तिथल्या ईस्टरचं सांगितलंस:
गावाचे दोन भाग, दोन ओढे,
आणि सोळा किलोचा चामडी चेंडू, आत माती आणि वाइन.
पंच नाही, रेषा नाही, वयाची अट नाही,
पाद्रीसुद्धा घुसतो.
जिंकतील ते चेंडू नेऊन ठेवतात
त्या वर्षी गेलेल्या आपल्यातल्या कुणाच्यातरी कबरीवर.
‘माझ्या बापाच्या कबरीवर एक आहे,’ म्हणालास,
‘पावसानं फुगलाय. शिवण उसवलीय, असं भाऊ सांगतो.’
भाऊ सांगतो.
मी मनातल्या मनात तारखा जुळवल्या.
त्या रविवारी आपण घरच्या मैदानावर
नवव्या नंबरच्या संघाशी बरोबरीत सुटलो होतो,
आणि सामन्यानंतर तू दोन ताटं जेवला होतास.
मी काही बोललो नाही.
बसमधले बाकीचे घोरत होते.

मग मान.
डॉक्टरीणबाईंनी काळ्या फिल्मवर पेन टेकवलं:
पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मधे आता काहीच उरलेलं नाही.
तू विचारलंस, ‘काहीच नाही, तर दुखतं काय?’
त्या हसल्या. मी हसलो.
तू खरंच विचारत होतास.

अध्यक्ष म्हाताऱ्या कास्तेरानं करार वाढवला नाही.
अख्खी हॅम दिली, खुरासकट,
आणि काचेत बसवलेली तुझी तीन नंबरची जर्सी,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.

आता उजवीकडे बावीस वर्षांचं पोरगं आहे.
चांगलं आहे. कान अजून शाबूत.
शाम्पूचा वास येतो त्याला.
वाका, म्हणतो पंच. धरा.
माझा हात तुझ्या पाठीचा जुना खड्डा शोधत जातो
आणि नव्या कापडावरून घसरतो.

तू दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, तिसऱ्या रांगेत.
मान वळत नाही, म्हणून चेंडू कडेला गेला
की तू अख्खा वळतोस, जड दारासारखा.
मागच्या शनिवारी आमची पोरं कोपऱ्यातून आत घुसली.
नंतर बोगद्याच्या तोंडाशी तू मला धरलंस,
डोळे ओले, हातात थंड झालेली कॉफी:
‘पेयो, हे असं दिसतं होय?’

मी म्हणालो, मला काय माहीत.
मी खाली होतो.